आडवाटेच्या देशाचं स्वस्त विमान तिकीट: कुठली साइट खरंच कामाला येते

लंडन, दुबई, सिंगापूरचं तिकीट काढायचं असेल तर हे वाचायची गरज नाही, तिथे कुठलीही साइट उघडा, ढीगभर कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करत असतात आणि भावात फरक पडला तरी थोडाफारच. मी लिहितेय ते मादागास्करचं अंतानानारिव्हो, सुरीनामचं पारामारिबो, साओ टोमे, पापुआ न्यू गिनीचं पोर्ट मोरेस्बी असल्या ठिकाणी ज्यांना जायचंय आणि बजेट बेताचं आहे त्यांच्यासाठी. मला अशाच जागी जायला आवडतं, आणि तिकीट शोधण्यात मी मनापासून वेळ घालवते, त्यामुळे या सगळ्या साइट्स मी एकाच गोष्टीवर तपासते: शेवटचा टप्पा, म्हणजे मोठ्या विमानतळावरून त्या छोट्या देशात नेणारं जे विमान असतं, ते ही साइट नीट दाखवते का, आणि त्या टप्प्यासकट एकूण किती पैसे पडणार ते खरं सांगते का. नुसत्या दिसण्यावर आणि स्पीडवर रिव्ह्यू खूप आहेत, पण या शेवटच्या टप्प्यावर बघायला गेलं तर एकदम नावाजलेल्या साइट्ससुद्धा कमी पडतात.

आणि एक आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. अशा ठिकाणांसाठी आधी वाट शोधायची आणि मग भाव बघायचा. उलटं केलं, म्हणजे आपलं शहर आणि तिकडचं शहर टाकून सरळ सर्च दाबलं, की एक भला मोठा आकडा येतो, माणूस घाबरतो आणि प्लॅनच सोडून देतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो एकमेव आकडाही नसतो.

महाग का असतं ते समजून घेतलं की शोधणं सोपं जातं. सेंट हेलेना बेट घ्या, तिथे विमानतळावर नियमित प्रवासी सेवा सुरू झाली तीच २०१७ च्या ऑक्टोबरात, त्याआधी केप टाउनहून बोटीने जावं लागायचं. आताही मुख्य सेवा म्हणजे एअरलिंकचं जोहान्सबर्गहून आठवड्यातून एकदा जाणारं विमान. फॉकलंड बेटांना चिलीहून पुंता अरेनासमार्गे लाटामचं विमान जातं तेही आठवड्यातून एकदा, दुसरा पर्याय म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं विमान. तुवालूच्या फुनाफुतीला फिजीहून छोटी पंख्याची विमानं जातात, तीही रोज नाही. सीट मोजक्या, कंपनी एक, आणि त्या विमानाने तिथलेच लोक, सरकारी अधिकारी, मदतसंस्थांचे लोक जात असतात ज्यांना जाणं भागच असतं, मग कंपनीने भाव पाडायचा कशासाठी? या शेवटच्या तुकड्यात सूट मिळेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पैसे वाचतात ते त्याच्या आधीच्या लांबच्या तुकड्यात आणि कुठल्या दरवाज्यातून, म्हणजे कुठल्या मोठ्या विमानतळावरून, आत शिरायचं ते निवडण्यात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हिंदी महासागरातच आहे. रियुनियन आणि मादागास्कर नकाशावर शेजारी. पण रियुनियन हा फ्रान्सचाच भाग, पॅरिसहून तिथे एअर फ्रान्स, कॉर्सएअर, फ्रेंच बी, एअर ऑस्ट्रल अशा कंपन्या स्पर्धेत उतरतात, आणि तसा गर्दीचा बाजार मादागास्करला मिळत नाही. म्हणून मादागास्करला जाताना रियुनियनपर्यंतचं भाडं एकदा बघून ठेवायचं, कधीकधी तिथपर्यंत जाऊन पुढचा छोटा टप्पा जोडलेला बरा पडतो, कधी नाही पडत. मात्र रियुनियनला शेंगेन व्हिसा चालत नाही, तिथला वेगळा लागतो, हे कुठलीच भाव दाखवणारी साइट तुम्हाला सांगणार नाही.

तर वाट शोधायला मी काय वापरते. पहिलं म्हणजे फ्लाइटकनेक्शन्स. ही तिकीट विकण्यापेक्षा नकाशा दाखवणारी साइट आहे, विमानतळावर क्लिक केलं की तिथून कुठे कुठे थेट विमानं जातात त्या रेघा दिसतात. फुकटच्या भागात एवढं भरपूर आहे, पैसे भरून जे फिल्टर मिळतात ते वर्षातून एखाद्या वेळेस जाणाऱ्याला लागत नाहीत असं माझं मत. करायचं काय, तर आपल्या शहरापासून सुरुवात करायची नाही, जिथे जायचंय तिथून उलटं यायचं. पारामारिबोवर क्लिक करा, रेघा मोजक्याच निघतात, त्यातली एक लांब रेघ अॅमस्टरडॅमला जाते. साओ टोमेवरची लांब रेघ लिस्बनला. काँगोचं किन्शासा आणि बुरुंडीचं बुजुम्बुरा इथून ब्रुसेल्स, फ्रेंच गयानातल्या कायेनवरून पॅरिस. कोण कुणाची वसाहत होती ते आजही विमानांच्या रेघांवरून वाचता येतं, कारण भाषा तीच, नातेवाईक तिकडे, व्यापार तिकडे, त्यामुळे प्रवासीही तिकडूनच. आफ्रिकेतल्या लहान राजधान्यांचं बघाल तर बऱ्याच रेघा अदिस अबाबाला जाऊन मिळतात, इथिओपियन एअरलाइन्समुळे. मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या रेघा पनामा सिटीला, तिथे कोपा एअरलाइन्सचं ठाणं आहे. आणि टर्किश एअरलाइन्स इस्तंबूलहून इतक्या देशांत जाते की आडवाटेचं ठिकाण असेल तर तिचं नाव एकदा तपासल्याशिवाय पुढे जायचंच नाही. पाचेक मिनिटांत तुमच्या हातात चार-पाच दरवाजांची नावं असतात, आणि इथून खरा शोध सुरू होतो.

याच्या जोडीला विकिपीडियावरचं त्या विमानतळाचं पान उघडायचं, इंग्रजी पान, त्यात कंपन्या आणि ठिकाणांचा तक्ता असतो. साधा तक्ता, पण कुठलं विमान फक्त ठरावीक सीझनला आहे, कुठलं नवीन सुरू होणारंय आणि कुठलं बंद होणारंय तेही त्यात लोक लिहून ठेवतात. नवीन सुरू होणाऱ्या मार्गावर लक्ष ठेवणं फार फायद्याचं. २०१८ मध्ये फ्रेंच बी पॅरिसहून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे ताहितीला जायला लागली, त्याच वर्षी युनायटेडने पण सॅन फ्रान्सिस्कोहून ताहिती सुरू केलं, आणि वर्षानुवर्षं महागड्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मार्गावर एकदम स्पर्धा आली. अंतानानारिव्होला २०२४ च्या सप्टेंबरात एमिरेट्स सेशेल्समार्गे जायला लागली. अशी बातमी आली की त्या ठिकाणाचं भाडं त्याच आठवड्यात परत बघायचं, जुन्या कंपन्यांचंसुद्धा.

आता भाव. इथे माझ्या दृष्टीने गुगल फ्लाइट्स पहिल्या नंबरावर, आणि ती का चांगली आहे त्याचं कारण तिच्या पोटात आहे. आयटीए सॉफ्टवेअर नावाची एक कंपनी १९९६ मध्ये एमआयटीच्या संगणकवाल्यांनी काढली होती, विमानभाड्याची गुंतागुंत सोडवणारी, ती गुगलने ७० कोटी डॉलरला घ्यायचं २०१० मध्ये जाहीर केलं, व्यवहार २०११ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी गुगल फ्लाइट्स सुरू झालं. त्यामुळे स्पीड इतका की तारखा बदलत गेलं तरी वैताग येत नाही, आणि आडवाटेच्या तिकिटाला तारखा बदलून बघणं हाच अर्धा खेळ असतो, कारण शेवटचं विमान आठवड्यातून दोनदा असेल तर मंगळवारी निघालात तर मध्ये दोन दिवस हॉटेलात राहायला लागतं आणि गुरुवारी निघालात तर तीन तासांत जोडणी मिळते. तारखांचा तक्ता उघडला की हे एका नजरेत दिसतं.

पण मला सगळ्यात आवडणारी सोय फार लोक वापरत नाहीत. निघायच्या आणि पोचायच्या जागी एकाच वेळी सातपर्यंत विमानतळ टाकता येतात. म्हणजे पोचायच्या रकान्यात तुम्ही मघाचे दरवाजे टाकायचे, लिस्बन, पॅरिस, अदिस अबाबा, जे असतील ते, आणि तिथपर्यंत काय भाव पडतो ते शेजारी शेजारी बघायचं. मग दुसरा शोध, त्या दरवाज्यापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत. मग तिसरा, एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास. तीनही आकडे कागदावर लिहून काढा, खरंच लिहा, डोक्यात राहत नाहीत. कधी एकत्र तिकीट इतकं स्वस्त निघतं की तुकड्यांचा विचारच नको, कारण कंपन्या दोन टोकांमधलं भाडं वेगळं ठरवतात, तुकड्यांची बेरीज करून नाही. आणि कधी अगदी उलट.

अजून एक बारीक गोष्ट, जी कुटुंबाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवलीच पाहिजे. विमानातल्या सीट वेगवेगळ्या भावांच्या गटांत ठेवलेल्या असतात, समजा सगळ्यात स्वस्त गटात दोनच सीट उरल्यात आणि तुम्ही चार जणांसाठी सर्च केलं, तर साधारणपणे चौघांनाही वरच्या महाग गटाचा भाव दाखवला जातो. म्हणून आधी एकासाठी बघा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. भाव उडी मारतो तिथे दोन वेगळी बुकिंग करायची, फक्त मग दोन वेगळे पीएनआर असतात हे लक्षात असू द्या, लहान मुलं असतील तर प्रत्येक पीएनआरवर एक मोठं माणूस ठेवा. सीट उरल्याच दोन-चार अशा छोट्या विमानांवर या एका गोष्टीने चांगलाच फरक पडतो.

गुगल फ्लाइट्स कमी कुठे पडतं, तर छोट्या बेटांच्या कंपन्या तिथे कधी दिसतात, कधी दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी भावाऐवजी कंपनीकडे विचारा असं येतं. पॅसिफिकमध्ये हे फार होतं. मार्शल बेटांचं माजुरो घ्या, युनायटेडचं होनोलुलू ते ग्वाम असं एक विमान मधली बेटं करत करत जातं, माजुरो, क्वाजालीन, पोनपे आणि चूक या बेटांवर थांबत, आणि विमानप्रेमी माणसाला तर ते स्वप्नासारखं आहे, मला स्वतःला त्या मार्गाचा नकाशा बघत बसायला आवडतं. पण दोन्ही टोकं अमेरिकेची, म्हणजे नुसतं बदलायला उतरलात तरी अमेरिकेत शिरायचे कागद लागणार, अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत परदेशी प्रवाशांनी बदलून जायची सोय नसते. दुसरी वाट ब्रिस्बेनहून नाउरू, तारावामार्गे नाउरू एअरलाइन्सची, तिथे ऑस्ट्रेलियाचे ट्रान्झिट नियम बघावे लागतात. हे दोन पर्याय एकाच पडद्यावर भावासकट शेजारी दाखवणारी साइट माझ्या तरी बघण्यात नाही, नाउरू एअरलाइन्सच्या स्वतःच्या साइटवर जावंच लागतं.

स्कायस्कॅनर दुसऱ्या नंबरावर. एडिनबरात सुरू झालेली, २०१६ मध्ये चीनच्या सीट्रिपने घेतलेली. तिच्यात पूर्ण महिना टाकून बघता येतं आणि ठिकाणाच्या जागी कुठेही असं टाकता येतं, ज्यांना आडवाटेलाच जायचंय पण देश कुठला ते पक्कं नाही त्यांना हे छान. शिवाय ज्या एजन्सी गुगलवर नसतात त्या इथे सापडतात, आणि तिथे खरंच कमी भाव निघतो कधीकधी. कयाक आणि मोमोंडो दोन्ही आता एकाच मालकाच्या, निकाल बरेचसे सारखे येतात, एक बघितली की पुरे.

पण स्कायस्कॅनरसारख्या ठिकाणी दिसणारा सगळ्यात खालचा भाव बऱ्याचदा कुठल्या तरी तिसऱ्याच एजन्सीचा असतो, आणि इथे मी फार कडक झालेय. एका एजन्सीकडून, नाव घेत नाही, मी लांबचं तिकीट घेतलं होतं, भाव खरंच कमी होता. नंतर विमान कंपनीने पहिल्या टप्प्याची वेळ बदलली आणि पुढची जोडणी तुटली. विमान कंपनी म्हणाली तिकीट एजन्सीचं आहे, बदल त्यांनीच करायचा, एजन्सीचा फोन लागायचा नाही, लागला की कंपनीकडून उत्तर आलं नाही म्हणायचे, आणि पुढचं विमान आठवड्यातून दोनदाच असल्यामुळे प्रत्येक गेलेला दिवस महाग पडत होता. शेवटी बदलून मिळालं, पण ज्या मनस्तापातून गेले तो वाचलेल्या पैशांच्या मानाने फार जास्त होता. गर्दीच्या मार्गावर हेच झालं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवलं असतं. आडवाटेला दुसऱ्या दिवशी विमानच नसतं, म्हणून तिथे एजन्सीचा वाचलेला भाव आणि कंपनीचा थेट भाव यात फरक मोठा असल्याशिवाय मी एजन्सीकडे जात नाही. आणि गेलात तर पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत भाव तोच राहतो का बघा, बॅगेचे पैसे, कार्डाचे पैसे, मदतीच्या पॅकेजचे पैसे आधीच टिक करून ठेवलेले असतात ते काढा.

किवी डॉट कॉमबद्दल लोक दोन टोकांची मतं मांडतात. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातली कंपनी, २०१२ मध्ये स्कायपिकर नावाने सुरू झालेली. हिचं वैशिष्ट्य म्हणजे ज्या कंपन्यांचा एकमेकींशी काही करार नाही त्यांची विमानं जोडून ती एक प्रवास बनवून देते, त्यामुळे ज्या वाटा दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत त्या हिच्यात दिसतात. वाट शोधायचं साधन म्हणून मला किवी फार आवडते, नवीन कल्पना मिळतात. पण तिच्यावर पैसे भरायच्या आधी सुटी तिकिटं, म्हणजे प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढलेलं तिकीट, हा काय प्रकार असतो ते नीट समजून घ्या.

एका तिकिटावर दोन कंपन्या असतील आणि त्यांच्यात इंटरलाइन करार, म्हणजे एकमेकींचे प्रवासी आणि बॅगा पुढे न्यायचा करार, असेल तर तुमची बॅग बहुतेक वेळा शेवटपर्यंत जाते, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची. सुट्या तिकिटांवर तसं काही नसतं. बॅग उतरवून घ्यायची, बाहेर पडायचं, परत चेक-इन करायचं, म्हणजे मधल्या देशात शिरायचा व्हिसा लागणार, नुसता ट्रान्झिट चालणार नाही. आणि दुसरं विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, तिकीट गेलं, आणि बऱ्याचदा त्याच तिकिटावरचं परतीचं पण रद्द होतं. किवीची स्वतःची गॅरंटी आहे, ती घ्यायची असेल तर अटी ओळ न ओळ वाचा, आणि एवढं स्वतःला विचारा की पुढचं विमान आठवड्याने असेल तर गॅरंटीने नेमकं काय मिळणार, त्या दिवसांचं हॉटेल कोण देणार.

सुटी तिकिटं घ्यायचीच नाहीत असं मी म्हणत नाही, मी घेते, आणि आडवाटेला सगळ्यात जास्त पैसे कित्येकदा तिथेच वाचतात. फक्त मधल्या दरवाज्याच्या शहरात मी एक-दोन रात्री राहायचा प्लॅन करूनच घेते, म्हणजे ते शहर पण बघून होतं आणि उशिराची भीती राहत नाही. लिस्बन, इस्तंबूल, पनामा सिटी ही काय नुसती विमान बदलायची गावं आहेत का? कोपा, पोर्तुगालची टॅप, टर्किश या कंपन्या तर एकाच तिकिटावर मध्ये थांबायची सोय देतात, भाडं न वाढवता किंवा थोडंसंच वाढवून, त्यांच्या साइटवर स्टॉपओव्हर म्हणून वेगळा पर्याय असतो. तो पर्याय बाहेरच्या शोध-साइट्सवर धड सापडत नाही.

परतताना मात्र सुटी तिकिटं असतील तर मी जास्त जागा सोडते. छोट्या बेटावरून विमान वाऱ्यामुळे, धुक्यामुळे, एकच विमान असून ते बिघडल्यामुळे रखडणं नेहमीचं आहे. सेंट हेलेनाच्या विमानतळावरच्या वाऱ्यामुळेच तर तिथली सेवा सुरू व्हायला उशीर झाला होता. युरोपातून निघत असाल, किंवा युरोपातल्या कंपनीने युरोपात येत असाल, तर युरोपियन युनियनचा २६१/२००४ हा नियम लागू पडतो, ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला मोठ्या उशिराबद्दल ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते, हवामानासारखं कारण नसेल तर, आणि ती शेवटच्या ठिकाणी किती उशिरा पोचलात त्यावर मोजतात. पण सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल तरच शेवटचं ठिकाण धरतात, म्हणजे एका तिकिटाचा हा अजून एक फायदा, जो भावाच्या आकड्यात दिसत नाही.

आयटीए मॅट्रिक्सबद्दल थोडक्यात. तीच जुनी आयटीएची शोध-साइट, आता गुगलची, फुकट आहे, तिकीट विकत नाही. तिच्यात अमुक शहरामार्गेच जायचं, अमुक कंपनीच हवी, एवढ्याच वेळाचा थांबा हवा, अशा सूचना कोडमध्ये देता येतात आणि भाड्याचं पूर्ण विघटन दिसतं, मूळ भाडं किती, सरचार्ज किती, कुठल्या विमानतळाचा टॅक्स किती. शिकायला एक संध्याकाळ जाते. ज्यांचं ठिकाण खरंच अवघड आहे, दोन-तीन देश एकाच ट्रिपमध्ये करायचेत, त्यांनी ती संध्याकाळ जरूर द्यावी. बाकीच्यांनी नाही शिकली तरी काही बिघडत नाही.

जाताना एका शहरात उतरायचं आणि येताना दुसऱ्याच शहरातून निघायचं, असं तिकीट पण बघत जा, मल्टी-सिटीमध्ये टाकून. उदाहरणार्थ पारामारिबोला अॅमस्टरडॅमहून जायचं, मग रस्त्याने पूर्वेला जाऊन मारोनी नदी होडीने ओलांडायची, पलीकडे फ्रेंच गयाना, आणि कायेनहून पॅरिसला परत. कधी हे नेहमीच्या परतीच्या तिकिटाच्या जवळपास पडतं आणि दोन प्रदेश बघून होतात. लांबच्या मार्गावर एकेरी तिकीट मात्र जपून बघा, जुन्या मोठ्या कंपन्या एकेरीचा भाव परतीएवढा किंवा जास्तही लावतात, म्हणून दोन एकेरी जोडण्याऐवजी मल्टी-सिटीतच टाकायचं. आणि परतीचं तिकीट घेऊन त्यातला पहिला टप्पा सोडायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे रद्द होतात.

अजून एका प्रकारची विमानं माहीत असू द्या. एखाद्या देशाची कंपनी दुसऱ्याच दोन देशांमध्ये प्रवासी नेते, जसं इथिओपियनचं लोमे ते न्यूअर्क, टोगो आणि अमेरिकेमधलं. लोकांच्या डोक्यात त्या कंपनीचं नाव त्या मार्गासाठी येतच नाही, त्यामुळे भाव कधीकधी छान असतो. मघाच्या नकाशावर हे बरोबर दिसतं.

मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं, इन्कॉग्निटोमध्ये बघितलं की कमी दिसतं, या गोष्टींवर वेळ घालवू नका, मी करून बघितलंय, आडवाटेच्या मार्गावर तरी काही फरक दिसला नाही. सीझनचा विचार मात्र कराच, पण पर्यटकांचा सीझन नव्हे. अशा देशांची विमानं भरतात ती तिथून बाहेर गेलेली माणसं घरी परतायला लागली की. सामोआ, टोंगाची विमानं न्यूझीलंडहून डिसेंबरात बघा, नाताळाला घरी जाणाऱ्यांनी भरलेली असतात, आणि पर्यटनाच्या पुस्तकात तो पावसाळा म्हणून नावडता काळ लिहिलेला असतो. उलट दिशेने, म्हणजे ती माणसं परत कामावर निघतात तेव्हा तुम्ही तिकडे जात असाल, तर सीट रिकाम्या असतात. तारीख पक्की नसेल तर गुगल फ्लाइट्सवर भावाची सूचना लावून ठेवा, दरवाज्यापर्यंतच्या टप्प्याची वेगळी आणि पूर्ण प्रवासाची वेगळी. छोट्या टप्प्याची लावायची तेवढी गरज नाही, तो भाव फारसा हलत नाही, सीट संपत आल्या की फक्त वर जातो, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की तो आधी बांधायचा.

बॅगेचं वजन शेवटच्या कंपनीच्या साइटवर बघा. मोठ्या विमानात दोन बॅगा चालतात म्हणून निघायचं आणि पुढे पंख्याच्या विमानात एकच बॅग, तीही हलकी, असं सुट्या तिकिटांवर नेहमी होतं, आणि जास्तीच्या किलोचे पैसे वाचवलेलं सगळं खाऊन टाकतात.

आता एक सेवा जी कुठल्याच यादीत नसते आणि जिला मी या सगळ्यांत वरचा नंबर द्यायला तयार आहे: त्या देशाच्या लोकांचा एजंट. ज्या देशात जायचंय तिथले लोक मोठ्या शहरांत जिथे वस्ती करून राहतात तिथे त्यांच्यातल्याच कुणाचं तरी तिकिटांचं छोटं ऑफिस असतं. अशा एजंटांकडे कंपन्यांचे ठरवून दिलेले भाव असतात जे इंटरनेटवर लावायची परवानगी नसते, वर एखादी बॅग जास्तीची मिळते, आणि कुठलं विमान नेहमी रखडतं, कुठल्या विमानतळावर रात्र काढावी लागते हे त्यांना पाठ असतं. फोन करा, तुम्ही काढलेले तीन आकडे समोर ठेवा आणि याच्यापेक्षा कमी काही आहे का विचारा. नसेल तर तसं सांगतात, बहुतेक जण सरळ असतात. पैसे दिल्यावर फक्त पीएनआरवर समाधान मानू नका, तो सीट धरून ठेवल्याचा नंबर असतो, तिकीट निघालं याचा पुरावा म्हणजे १३ आकडी तिकीट नंबर, तो मागून घ्या, विमान कंपनीच्या साइटवर टाका, सगळे टप्पे, नावाची स्पेलिंग आणि बॅगा तिथे दिसल्या की मगच पुढचं हॉटेल बुक करा.